पायांच्या कठीण धमन्यांवरील अल्पछेदी उपचार

मधुमेह, तंबाखूचे व्यसन, वार्धक्य व मूत्रपिंडाचा जुना विकार यांमुळे पायांच्या धमन्यांच्या भित्तींत कॅल्शियमचे क्षार साठून त्या ताठर व अरुंद झाल्या असता, मोठी चीर न देता, बहुधा जांघेतील धमनीत सुई टोचून तार व नलिका आत सरकवून रक्तप्रवाह पूर्ववत करण्याची पद्धती. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या दाट वस्तीत बाजारहाट करून परतणारा वृद्ध दोनशे पावलांवर पोटरी धरून थांबतो व घटकाभर विसावून पुन्हा चालू लागतो, हे या विकाराचे बोलके लक्षण; ते वयाचे दुखणे म्हणून दप्तरदाखल करणे घातक होय, कारण पुढे बोट काळवंडण्याची भीती असते. कठीण धमनी पट्ट्याने दबत नसल्यामुळे घोट्याजवळचा रक्तदाब फसवा, वाजवीपेक्षा अधिक भरतो; म्हणून पायाच्या अंगठ्यावरील दाब मोजावा.

१९६४ साली पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या स्त्रीची धमनी नलिकांनी रुंदावून तो पाय वाचविला. १९७४ मध्ये झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी त्यासाठी नलिकेवरचा फुगा योजिला. परंतु दगडी थरापुढे साधा फुगा पुरता फुलत नाही, अथवा धमनीचे अस्तर फाडतो. अशा वेळी थर तासणारे यंत्र वापरतात, मात्र तासलेल्या थराचा चुरा खालच्या धमन्यांत अडकू शकतो. मुतखडा फोडण्याच्या तत्त्वावरची नवी रीत मला अधिक सयुक्तिक वाटते : फुग्यातील द्रवात विद्युत्-ठिणगी पडताच उठणारी दाबलहर मऊ ऊतीला फारशी इजा न करता कॅल्शियमला तडे पाडते आणि मग तोच फुगा अल्प दाबाने धमनी उघडतो.