मांजर गादीवरच लघवी का करतं आणि ही सवय मोडायची कशी?

दिवसभराचं काम आटोपून तुम्ही घरी येता, पलंगावर अंग टाकता आणि पाठीला गार, ओलसर काहीतरी लागतं. पाठोपाठ तो वास येतो. मांजर पाळणाऱ्या बऱ्याच घरांत हा प्रसंग कधी ना कधी घडतोच.

मग चादर धुणं, गादी उन्हात टाकणं आणि मांजराला ओरडणं असा क्रम सुरू होतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. काल रागावले म्हणून मुद्दाम करतंय, असं कुणीतरी म्हणतं. प्रकरण हाताबाहेर गेलं की पोत्यात घालून लांब मासळी बाजारात सोडून यायचा सल्लाही मिळतो.

पण मांजर राग काढायला गादी ओली करत नाही. त्याला काहीतरी दुखत असतं, त्याची लघवीची जागा त्याला पटलेली नसते किंवा ते कशाला तरी घाबरलेलं असतं. यातलं नेमकं काय आहे हे कळलं, तर बहुतेक घरांत ही सवय मोडता येते. म्हणून क्रमाने जाऊया.

आधी बघा, लघवी आहे की फवारा?

मांजर खाली बसून आडव्या जागी, म्हणजे गादी, उशी किंवा कपड्यांच्या ढिगावर मोठं थारोळं करत असेल, तर ती साधी लघवी. उभं राहून, शेपटी ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर किंवा कपाटावर थोडीशी पिचकारी मारत असेल, तर तो फवारा. फवारा म्हणजे ‘हा इलाका माझा’ अशी खूण.

नसबंदी न झालेले बोके हे जास्त करतात. कधीकधी माजावर आलेल्या भाट्याही करतात. यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नसबंदी. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात ती करता येते. नसबंदीनंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं. बोक्याच्या लघवीचा तो खास उग्र वास फेलिनिन नावाच्या घटकापासून तयार होतो आणि नसबंदीनंतर त्याचं प्रमाणही घटतं.

पलंगावरचा प्रकार मात्र बहुतेक वेळा साध्या लघवीचा असतो. त्याची कारणं वेगळी आहेत.

पहिली पायरी: डॉक्टर

लिटर बॉक्स बदलण्याआधी, स्प्रे विकत आणण्याआधी पशुवैद्यांकडे जा आणि लघवीची तपासणी करून घ्या. मूत्राशयाला सूज, खडे, संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काहीही असलं तरी मांजर जागा चुकवू शकतं. लघवी करताना दुखलं की मांजर त्या दुखण्याचा संबंध लिटर बॉक्सशी जोडतं. ‘इथे बसलं की दुखतं’ असं मनात बसलं की ते मऊ जागा शोधतं. घरातली सर्वांत मऊ जागा कोणती, हे वेगळं सांगायला नको.

म्हाताऱ्या मांजरांचे सांधे दुखतात. उंच कडा असलेल्या बॉक्समध्ये चढणं त्यांना जमत नाही, म्हणून तीही बाहेरच बसतात.

हे दिसलं तर सकाळची वाट बघू नका

बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जातोय, जोर करतोय, पण थेंबभरच लघवी होतेय किंवा होतच नाहीये. ओरडतोय, लघवीची जागा सारखी चाटतोय, खाणं सोडलंय, उलटी करतोय. ही लक्षणं दिसली तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यामुळे हा धोका प्रामुख्याने त्यांना असतो.

बऱ्याच जणांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि ते घरगुती उपाय करत बसतात. तोवर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याचा थेट परिणाम हृदयावर होतो. उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. त्यामुळे रात्र असली तरी जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या.

आणखी एक. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराचं शरीर ती पचवू शकत नाही आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

तपासण्या नॉर्मल, मग काय?

मूत्राशयाचा त्रास होणाऱ्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांमध्ये संसर्ग किंवा खडा असं ठोस कारण सापडतच नाही. सूज मात्र खरी असते आणि तिचा ताणाशी जवळचा संबंध असतो. घर बदललं, रंगकाम निघालं, पाहुणे राहायला आले, बाळ जन्माला आलं, दिवाळीत फटाके वाजले किंवा खिडकीबाहेर दुसरा बोका येऊन बसू लागला, एवढंही पुरतं.

अशा मांजरांना पाणी जास्त मिळायला हवं. मांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. त्यामुळे त्यांना तहान कमी लागते आणि लघवी घट्ट होते. फक्त कोरडं खाणं देत असाल तर त्यात ओल्या खाण्याची भर घाला. चिकन उकडलेलं पाणीही चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजरांसाठी विषारी आहे.

लिटर बॉक्सची झाडाझडती

आजार नसेल, तर बहुतेक वेळा घोळ इथेच सापडतो.

* किती? जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. दोन मांजरं असतील तर तीन बॉक्स, तेही वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले तीन बॉक्स मांजराच्या लेखी एकच.
* केवढा? नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट. दुकानातले बरेच बॉक्स यापेक्षा लहान असतात. प्लॅस्टिकचा मोठा, उथळ टब किंवा घमेलंही छान चालतं.
* आत काय? बारीक आणि बिनवासाचं लिटर बहुतेक मांजरांना आवडतं. लव्हेंडरचा सुगंध आपल्यासाठी असतो, त्यांच्यासाठी नाही. लघवीचा गोळा होणारं लिटर बेंटोनाइट मातीचं असतं. ते पाण्यात फुगतं, म्हणून संडासात टाकू नका, पाइप तुंबतो. लिटर बदलायचं असेल तर जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला.
* स्वच्छता? रोज किमान एकदा गोळे काढा. बॉक्स अधूनमधून साध्या साबणाने धुवा.
* कुठे? शांत जागी, जेवणाच्या भांड्यापासून लांब. वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलेला बॉक्स स्पिन सुरू झाला की भीतीची जागा होतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासा. बॉक्स बाल्कनीत आहे आणि डास येतात म्हणून रात्री बाल्कनीचं दार बंद होतं का? तसं असेल तर मांजराने रात्री जायचं कुठे?

पण पलंगच का?

गादी मऊ असते, ओल लगेच शोषून घेते, उंचावर असते आणि तिथून दार दिसतं. शिवाय तिला तुमचा वास असतो. २००२ मध्ये अमेरिकेत १३६ मांजरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस घरात नसला की अस्वस्थ होणारी ही मांजरं होती. त्यांच्यातल्या नको तिथे लघवी करणाऱ्या मांजरांपैकी तीन-चतुर्थांश मांजरांनी फक्त मालकाचा पलंगच निवडला होता.

म्हणजे तुम्ही गावाला गेल्यावर किंवा ऑफिसच्या वेळा बदलल्यावर हे सुरू झालं असेल, तर तो योगायोग नसावा. खाण्याच्या वेळा ठरावीक ठेवा. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं खेळा. चढायला उंच जागा आणि लपायला एखादं खोकं द्या.

वास गेला नाही, तर मांजर परत येणार

लघवीतल्या यूरिक ॲसिडचे स्फटिक पाण्याने नीट निघत नाहीत. उन्हाळ्यात गादी स्वच्छ वाटते आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. आपल्या नाकाला आला नाही, तरी मांजराला तो येतोच.

ताजी लघवी आधी कापडाने टिपून घ्या, चोळू नका. मग एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा. लघवी जितकी खोल मुरली तितकं ते खोल जायला हवं, म्हणून भरपूर ओता आणि गादी आपोआप वाळू द्या. कापसाची गादी पार आतपर्यंत भिजली असेल तर कापूस बदलणंच बरं.

फिनाईल अजिबात नको. काळं असो वा पांढरं, ते पंजाला लागतं, मांजर चाटतं आणि थेट पोटात जातं. त्यातले घटक मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास लघवीसारखाच असतो, म्हणजे तो उलट आमंत्रणच देतो. ब्लीचही टाळा. लघवीशी मिसळून त्यातून त्रासदायक वायू तयार होतो.

सवय मोडेपर्यंत

काही आठवडे बेडरूमचं दार बंद ठेवा. ते शक्य नसेल तर गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घाला. दिवसा पलंगावरच मांजराशी खेळा, तिथेच खाऊ द्या. जिथे खायचं तिथे लघवी करणं मांजरं सहसा टाळतात. बॉक्स वापरला की लगेच शाबासकी द्या.

नाक घासणं, मारणं, कोंडून ठेवणं यातून मांजर एवढंच शिकतं की या माणसासमोर लघवी करायची नाही. मग ते कपाटामागे जातं आणि ताण आणखी वाढतो.

आणि पोत्यात घालून सोडून येण्याबद्दल. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे घरात वाढलेल्या मांजराला बाजारात जगता येत नाही. मूत्राशय सुजलेल्या मांजराला तर नाहीच.

तेव्हा पुढच्या वेळी चादर ओली दिसली की आधी तारीख आणि वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेवा. त्या दिवशी घरात काय वेगळं घडलं तेही लिहा. डॉक्टरांकडे जाताना ही नोंद सोबत न्या. कारण शोधायला तिचा मोठा उपयोग होईल.