गटाने गरोदरपणाची तपासणी : रांगेऐवजी वर्तुळ

दवाखान्यातली लांब रांग आणि डॉक्टरांसमोर मिळणारी दोन-तीन मिनिटे. आपल्या वस्त्यांतील अनेक गरोदर महिलांचा अनुभव हाच आहे. याला पर्याय म्हणजे गटाने होणारी तपासणी.

अमेरिकेत सुईण-परिचारिका शॅरन शिंडलर रायझिंग यांनी १९९०च्या दशकात 'सेंटरिंग प्रेग्नन्सी' ही पद्धत उभी केली. प्रसूतीची तारीख जवळपास असलेल्या ८ ते १२ महिला दीड-दोन तास वर्तुळात बसतात. अशा साधारण १० बैठका होतात. वजन आणि रक्तदाब त्या स्वतः मोजून लिहितात. पोटाची तपासणी त्याच खोलीत आडोशाला होते. उरलेला वेळ आहार, कळा, स्तनपान आणि मनातली भीती यांवरच्या चर्चेला. प्रसूतीनंतर आई-वडील आणि बाळांचे गटही भरतात.

'हे फक्त मलाच होत नाही' हे कळल्याचा आधार अनेक माता सांगतात. वडिलांनाही प्रश्न विचारायला जागा मिळते. अडचणीही आहेत : खासगी गोष्ट चारचौघींत बोलणे काहींना जड जाते, तर रोजंदारी करणारीला ठरलेली वेळ पाळता येत नाही.

आपल्याकडे झारखंड-ओडिशाच्या आदिवासीबहुल भागात 'एकजूट' संस्थेने महिला गटांच्या मासिक बैठका घेतल्या. तिथे तपासणी नव्हती. महिला अडचणी मांडत आणि उपाय ठरवत. २०१० साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, गट नसलेल्या भागांच्या तुलनेत तिथे नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे मांडले. म्हणून गट ही सरकारी सेवेची जागा घेणारी गोष्ट नव्हे. त्या सेवेकडून हक्काने मागण्याची ताकद आहे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते. त्याआधी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला बोलावून विहारात गरोदर महिला व बाळंतिणींची बैठक घेता येईल. कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात : गटातले बोलणे बाहेर जाऊ नये, कोणी कोणाला उपदेश करू नये आणि रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा बाळाची हालचाल कमी वाटल्यास बैठकीची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.