कोलंबोचा तो ट्रान्समीटर आपल्यासाठी नव्हताच

रेडिओ सिलोनवर आपल्या आईवडिलांच्या पिढीने वर्षानुवर्षं दर बुधवारी रात्री आठ वाजता कान लावले. तो रेडिओ आपल्यासाठी कुणी उभारलेला नव्हता. तो उभारला होता घरापासून हजारो मैल दूर येऊन पडलेल्या इंग्रज पोरांसाठी, त्यांना आपल्या भाषेतल्या बातम्या आणि आपल्याकडची गाणी ऐकायला मिळावीत म्हणून. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका एका सरकारी आदेशाने गप्प झाली, तेव्हा "आता रेडिओ ऐकतंय कोण" अशा धर्तीच्या पोस्टी बऱ्याच वाचल्या. त्यांना हे जरा लांबचं उत्तर.

१९४३ च्या अखेरीस लॉर्ड माउंटबॅटन आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचा सेनापती म्हणून आला. एप्रिल १९४४ मध्ये त्याने आपलं मुख्यालय दिल्लीहून सिलोनमध्ये कँडीजवळ हलवलं. ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणारी चौदावी सेना तेव्हा स्वतःला 'विसरलेली सेना' म्हणवून घेत होती. बातम्या सगळ्या युरोपातल्या, टाळ्या सगळ्या युरोपातल्या लढाईला, आणि हे इथे मलेरियात आणि चिखलात. माउंटबॅटनला लढाईइतकीच या मनःस्थितीची काळजी होती. त्याने 'सीॲक' नावाचं दैनिक काढायला लावलं, ते कलकत्त्यात स्टेट्समनच्या छापखान्यात छापलं जाई. आणि दुसरी गोष्ट मागितली ती रेडिओची. साधासुधा नाही, १०० किलोवॅटचा लघुलहरींचा ट्रान्समीटर, जो कोलंबोहून ब्रह्मदेश, मलाया, हिंदुस्थान सगळीकडे स्वच्छ ऐकू जाईल.

लघुलहरींचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. या लहरी जमिनीच्या वळणाबरोबर फार वळत नाहीत. त्या आकाशात जातात, वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात, आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. कोलंबो ते मुंबई अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. म्हणजे कोलंबोहून फेकलेला आवाज अगदी आपल्या अंगणात पडणार. सीमेवर त्याला कुणी अडवत नाही, पासपोर्ट विचारत नाही.

रेडिओ सीॲक कोलंबोत छोट्या ट्रान्समीटरवर सुरू झाला. मोठा ट्रान्समीटर कोलंबोच्या उत्तरेला एकाला इथे उभा राहून चालू व्हायला १९४६ उजाडलं. तोवर लढाई संपली होती! ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला, पण पोरं लगेच घरी गेली नाहीत. जहाजं कमी, माणसं लाखो. बंदराबंदरावर बोटीची वाट बघत पडलेल्या त्या गोऱ्या पोरांना रेडिओ सीॲक लंडनची गाणी वाजवून दाखवत होता. निवेदकांत डेव्हिड जेकब्स होता, डेस्मंड कॅरिंग्टन होता. दोघेही पुढे बीबीसीचे घराघरातले आवाज झाले. कॅरिंग्टन तर थेट २०१६ पर्यंत कार्यक्रम करत होता.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक हिंदी होते. मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, आपल्या सातारा-रत्नागिरीकडची पोरं. तीही घरापासून तितकीच दूर होती. पण १०० किलोवॅटचा विचार सुचला तो इंग्रजी बोलणाऱ्यांच्या एकटेपणासाठी. असो.

फेब्रुवारी १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाला आणि १९४९ मध्ये इंग्रजांनी हे केंद्र त्या सरकारला देऊन टाकलं. इवल्याशा देशाच्या हाती आशियातला एक दांडगा ट्रान्समीटर आला. त्याचं करायचं काय? सिलोनने शहाणपणा केला, १९५० मध्ये व्यापारी सेवा सुरू केली. कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियाहून क्लिफर्ड डॉड नावाचा माणूस आला आणि त्याने जाहिरातदारांना रेडिओचा वेळ विकायला सुरुवात केली. जाहिरातदार कुठले, तर प्रामुख्याने मुंबईचे. कारण आकाशवाणीवर जाहिरात चालतच नव्हती.

पहिली चलती इंग्रजीचीच होती. ग्रेग रॉस्कोव्स्कीच्या आवाजात 'बिनाका हिट परेड' लागायची, पाश्चात्त्य गाण्यांची. नंतर व्हर्नन कोरिया, जिमी भरुचा ही नावं झाली. वांद्र्याचे गोवेकर ख्रिस्ती, दादरचे पारशी, कॉलेजातली हौशी पोरं असा त्याचा आपल्याकडचा श्रोता. इंग्रज गेले तरी त्यांच्यासाठी लावलेल्या तबकड्या वाजत राहिल्या आणि आपल्यातल्या काहींना त्या आवडू लागल्या.

मग आले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, विद्वान, संगीताचा जाणकार, १९५२ पासून दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री. सिनेसंगीत म्हणजे उथळ, पाश्चात्त्य चालींची उचलेगिरी, त्याने देशाची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरची सिनेगीतं त्यांनी कमी करत नेली. चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, ती जाहिरात होते, म्हणून फक्त गायकाचं नाव. निर्मात्यांनी चिडून करार मोडले आणि देशाच्या एकमेव रेडिओवरून देशाची सर्वांत लोकप्रिय गाणी जवळजवळ गायब झाली.

केसकरांची टिंगल करणं सोपं आहे, सगळेच करतात. मी करणार नाही. त्याच माणसाने १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन सुरू केलं. संस्थानं बुडाल्यावर उघड्यावर पडलेल्या कितीतरी कलावंतांना आकाशवाणीने महिन्याची मिळकत दिली. शनिवारी रात्री खेड्यातल्या मास्तराने फुकटात मोठा गवई ऐकला तो या धोरणामुळे. चुकलं ते एवढंच, की चांगलं ऐकवण्याबरोबर लोकांना आवडणारं बंद करायचं त्यांनी ठरवलं. आणि कोलंबोत १०० किलोवॅट तयारच बसले होते.

३ डिसेंबर १९५२. अजून विशीही न गाठलेला अमीन सयानी नावाचा मुंबईचा मुलगा, आठवड्याला २५ रुपये मानधनावर, 'बिनाका गीतमाला' करायला बसला. इंग्रजी हिट परेडचीच ही हिंदी आवृत्ती. त्याचा थोरला भाऊ हमीद इंग्रजी कार्यक्रम करायचा. मुंबईत ध्वनिमुद्रण, टेप विमानाने कोलंबोला, आणि तिथून आवाज परत मुंबईत, नागपुरात, झुमरीतलैयात. म्हणजे आपलं गाणं आपल्याच घरात यायला समुद्र ओलांडून जाऊन येत होतं. पहिल्या कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली असं सयानी सांगत. हा कार्यक्रम सिलोनवरून १९८८ पर्यंत चालला.

दिल्लीला हे कळायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती सुरू झाली, ती या सिलोनच्या धक्क्यानेच. जाहिरात स्वीकारायला आणखी दहा वर्षं, १९६७. सरकारी कारभाराच्या मानाने वेग बरा म्हणायचा.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेने जर्मनीत आपल्या सैनिकांसाठी रेडिओ सुरू केला, एएफएन. पहिलं केंद्र म्युनिकला, मग फ्रँकफर्ट. फ्रँकफर्टचं केंद्र वीस वर्षं होक्स्टच्या जुन्या किल्ल्यातून चाललं. हा रेडिओ अमेरिकी सैनिकांचा, पण कान लावून बसली जर्मन पोरं. ज्या जॅझवर नाझींनी डोळे वटारले होते, ते आता शेजारच्या छावणीतून मोफत येत होतं. जर्मनांची एक अख्खी पिढी इंग्रजी शिकली ती थोडी शाळेत आणि बरीचशी एएफएनवर. त्याच महिन्यात इंग्रजांनी हँबर्गहून आपला रेडिओ सुरू केला. लंडन आणि हँबर्ग जोडून रविवारी 'टू वे फॅमिली फेव्हरिट्स' लागायचं. इकडची बायको तिकडच्या नवऱ्यासाठी गाणं मागायची, तिकडचा मुलगा इकडच्या आईसाठी. आपल्या 'आप की फर्माइश'चं हे चुलत भावंडच. हँबर्गचा निवेदक क्लिफ मिशेलमोर आणि लंडनची जीन मेटकाफ एकमेकांना आधी आवाजानेच भेटले आणि १९५० मध्ये त्यांनी लग्न केलं.

आता माझं. १९८२ ते ८७ मी ओमानमध्ये एका बांधकाम कंपनीत होतो. सहाजण एका खोलीत. एक चिपळूणचा, दोन मलबारचे, एक लाहोरचा, एक मंगलोरचा आणि मी. पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू म्हणजे बहुपट्टीचा ट्रान्झिस्टर. तांब्याची तार पाण्याच्या टाकीपर्यंत ओढलेली. पहाटे सहाला काटा हळूहळू सरकवत सिलोन शोधायचं. भारतात तेव्हा साडेसात वाजलेले, म्हणजे जुन्या चित्रपटांच्या गाण्यांची वेळ, शेवटी ठरलेलं सैगलचं गाणं. खरखरीत अर्धं बुडालेलं असायचं, पण लाहोरचा भाई तेवढ्यासाठी चहा थांबवून ठेवायचा.

संध्याकाळी मात्र बीबीसी, इंग्रजी. ओमानच्याच मसिरा बेटावर बीबीसीचं प्रक्षेपण केंद्र होतं, त्यामुळे आवाज खणखणीत. तासाच्या ठोक्याआधी लिलीबुलेरोची धून, मग बातम्या, मग कधी जॅझ, कधी सिंफनी, कधी श्रोत्यांच्या फर्माइशी. आमच्यातल्या दोघांना इंग्रजी धड येत नव्हतं. तेही ऐकत बसायचे आणि मध्येच विचारायचे, "काय म्हणतोय रे तो?" मंगलोरचा भाषांतर करायचा, त्यात स्वतःची मतं घालून.

३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधी गेल्या हे आम्हाला दुपारी बीबीसीवर कळलं. आकाशवाणीने ते संध्याकाळी सांगितलं. बंगालमध्ये दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही त्या दिवशी बीबीसीच लावली होती हे नंतर सर्वांना कळलं. मधल्या त्या तासांत चिपळूणचा सारखा म्हणत होता, "अरे आपलं लाव, आपलं काय सांगतंय बघू." आपलं काही सांगत नव्हतं. परदेशात राहून परक्या भाषेचा रेडिओ का लावावा लागतो, याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. सुरेल गाणं सिलोनवर मिळत होतं आणि वेळेवर बातमी लंडनहून, दोन्ही आपलीच, दोन्ही परक्यांच्या हातून.

ब्रह्मदेशाचंच पुढचं ऐका. आँग सान सू ची वर्षानुवर्षं यांगूनमध्ये नजरकैदेत होत्या. २०१२ मध्ये त्या लंडनला गेल्या तेव्हा बीबीसीत म्हणाल्या, की 'अ जॉली गुड शो' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाने त्या काळात आपलं जग जरा भरल्यासारखं वाटायचं. बातम्या तर त्या ऐकतच, पण आवर्जून आठवण काढली ती या हलक्याफुलक्या कार्यक्रमाची. ज्या देशात माउंटबॅटनच्या सैनिकांसाठी गाणी पाठवली होती, त्याच देशात अर्धशतकानंतर एका कैद्याला तशीच गाणी पोचत होती.

बीबीसीने उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासाठीची इंग्रजी लघुलहर २००१ मध्ये बंद केली. हिंदीची लघुलहर ३१ जानेवारी २०२० ला. कारण दिलं ते खरंच होतं, श्रोते मोबाइलकडे गेले. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, रशियाने बीबीसीची संकेतस्थळं अडवली, आणि त्याच बीबीसीने १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर दिवसाला चार तास इंग्रजी बातम्या पुन्हा लघुलहरीवर सुरू केल्या. इंटरनेटचं बटण सरकारच्या हातात असतं. आपल्याला हे परक्या देशाच्या उदाहरणावरून समजून घ्यायची गरज नाही, काश्मीर आणि मणिपूरच्या लोकांना विचारा.

आणि आपल्या एफएमचं बघा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची खासगी नाही. त्यानंतर खासगी एफएम केंद्रं आली, गावोगाव पसरली. टीव्हीवर वाहिन्या चोवीस तास ओरडू शकतात, मोबाइलवर कुणीही काहीही पसरवू शकतो, पण खासगी एफएमला स्वतःची बातमी द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र एका शब्दाचाही फरक न करता तेवढं लावता येतं. २०२३ मध्ये दूरसंचार नियामकाने, ट्रायने, शिफारस केली की तासाला दहा मिनिटं बातम्यांना मुभा द्यावी. दर तासाला दहा मिनिटं! कोल्हापूरला पुराचं पाणी चढतंय, कुठला रस्ता बंद झाला, कुठल्या शाळेत छावणी उघडली, हे गावातल्या एफएमच्या वार्ताहराने बातमी म्हणून सांगायचं की नाही, यावर आपल्याकडे अजून शिफारशीच चालू आहेत.