नाग नदी बारमाही कशी झाली?

१/ विदर्भाच्या उन्हाळ्यात भलेभले नाले मार्चअखेरीस कोरडे पडतात. नागपूरला नाव देणारी नाग नदी मात्र भर मे महिन्यातही वाहत असते. लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावणाऱ्या, लहानशा पाणलोटाच्या या नदीला उन्हाळ्यात पाणी येते कोठून? या एका प्रश्नात शहराचा तीनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो क्रमाने पाहू.

२/ प्रथम नावाविषयी. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या देवळी (जि. वर्धा) येथील ताम्रपटात ‘नागपूर-नंदिवर्धन’ या प्रदेशाचा उल्लेख येतो. हा ताम्रपट शके ८६२, म्हणजे इ. स. ९४० चा. आजचे शहर वसण्यापूर्वी साडेसात शतके हे नाव या मुलखात नांदत होते, हे त्यावरून दिसते.

३/ शहर म्हणून नागपूर उभे केले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, सन १७०२ च्या सुमारास. ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जाणारी बारा खेडी जोडून त्याने ही वस्ती वसवली. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने शहराला तट बांधला. जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, हाही त्याच्याच काळातला मानतात.

४/ हा तलाव महत्त्वाचा आहे. नदी पावसाळ्यात फुगणार आणि पुढे क्षीण होणार, हे जाणूनच जुन्या नागपूरकरांनी पाणी अडवून ठेवण्याची व्यवस्था केली. भोसल्यांच्या काळात तेलंगखेडी आणि सक्करदरा येथील तलावांची त्यात भर पडली. शहराची तहान तलाव आणि विहिरी भागवत. नदीवर ते ओझे नव्हते.

५/ आणि मैल्याचे काय? भारतातील इतर शहरांप्रमाणे येथेही घरोघरच्या संडासांतील मैला माणसेच उचलत आणि गावाबाहेर नेऊन टाकत. हे काम जातीने काही समाजांच्या माथी मारलेले होते. जुन्या नद्या स्वच्छ होत्या, असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या स्वच्छतेची किंमत कोण मोजत होते, हेही ध्यानात ठेवावे. या प्रथेवर बंदी घालणारे केंद्रीय कायदे १९९३ आणि २०१३ साली आले.

६/ १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १८७० च्या दशकात अंबाझरी तलावातून नळाने पाणीपुरवठा सुरू झाला. १८९० साली ही योजना वाढवली गेली, ती उंचावर असलेल्या सिव्हिल स्टेशनला आणि रेल्वे स्थानकाला पाणी मिळावे म्हणून. नळ प्रथम कोणत्या दिशेने वळले, हे यातून कळते.

७/ मधल्या काळात शहराचे रूप पालटले. १८६७ मध्ये रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तीही जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जमिनीवर. १९०१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सुमारे १ लाख २७ हजार होती. २०११ मध्ये ती २४ लाखांवर गेली.

८/ येथे क्षणभर लंडनला जाऊ. तेथे पाण्याचे संडास वाढले आणि घरांतला मैला वाहून थेट थेम्सला मिळू लागला. १८५८ च्या उन्हाळ्यातील दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अवघड केले. मग जोसेफ बाझलगेट यांनी नदीकाठाने प्रचंड गटारे बांधली. त्यांनी मैला शहराच्या खाली नेऊन पुन्हा थेम्समध्येच सोडला. शहर सुटले, खालचा प्रवाह नासला.

९/ नागपुरातही नळाने तोच क्रम घडवला. अंबाझरी आणि गोरेवाडा अपुरे पडले, तेव्हा शहर कन्हान नदीकडे वळले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेंचकडे. दूरच्या नद्यांचे पाणी घरोघरी आले. वापरून झालेले पाणी उताराने नाल्यांत आणि नाल्यांतून नागेत गेले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच: उन्हाळ्यातली नाग म्हणजे बव्हंशी पेंच आणि कन्हानचे वापरलेले पाणी.

१०/ अशा पाण्यात घडते काय? त्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. या भुकेचे मोजमाप म्हणजे जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी, बीओडी. स्नानायोग्य पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपला निकष आहे. प्राणवायू संपला की मासे मरतात, पाणी काळवंडते आणि दुर्गंधी सुटते.

११/ या मोजणीलाही इतिहास आहे. ब्रिटिश राजआयोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती पाच दिवसांची ठरवली. तेथील नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सांगतात. नागेचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्या सगळ्या वाटेवर माणसे राहतात.

१२/ ज्ञान आणि कायदा यांची नागपुरात वाण नव्हती. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था १९५८ मध्ये याच शहरात स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्येच केला होता. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ चा. देशाला सांडपाण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या शहराची नदी त्याच दशकांत नाला होत गेली.

१३/ असे का झाले? एक कारण भूगोलात आहे. नागपूर पाणी वरून घेते आणि खाली सोडते. नाग पिवळी नदीला सोबत घेऊन पूर्वेकडे कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. पुढे गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणात वाहते पाणी थबकले आणि त्यासोबत नागपूरचा मळही साचू लागला. कुही आणि भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्यांच्या व मासेमारांच्या वाट्याला जलपर्णी आणि दूषित पाणी आले. ज्यांना त्रास होतो, त्यांचे मत नागपूरच्या महापालिकेत नोंदले जात नाही.

१४/ उपाय झालेच नाहीत, असे मात्र नाही. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना देशात नावाजली गेली. त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३० दशलक्ष लिटर. जेवढे सांडपाणी वीज केंद्र वापरते, तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी उरते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाची पायाभरणी झाली. खर्च १९२५ कोटी रुपयांहून अधिक.

१५/ परंतु केवळ यंत्रे बसवून भागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागेचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. भिंतींत कोंडलेल्या प्रवाहाला लोक नाला म्हणू लागले होते. त्या रात्री नदीने आपले पात्र परत मागितले.

१६/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक काम. आपल्या गावाचे जुने गॅझेटियर उघडा. पाणी कोठून येत असे, मैला कोठे जात असे आणि तो कोण नेत असे, या तीन गोष्टी शोधा. मग नकाशावर नदीच्या प्रवाहासोबत खाली जा आणि पुढचे गाव कोणते, ते पाहा. सापडलेली माहिती खाली अवश्य लिहा.

(समाप्त)