पोटातील गुडगुड : देवगिरीच्या श्रीकरणाधिपापासून बहात्तरच्या दुष्काळापर्यंत

हेमाद्री म्हटले की आपल्याला दोन गोष्टी आठवतात, मोडी लिपी आणि हेमाडपंती देवळे. मोडीच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. देवळांचे म्हणाल, तर देगलूरजवळच्या होट्टलची मंदिरे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, म्हणजे हेमाद्रीच्या कारकिर्दीच्या कितीतरी आधीची. तरी गावोगावी त्यांनाही ‘हेमाडपंती’च म्हणतात. जे त्याने निःसंशय केले, ते मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. यादवांच्या या श्रीकरणाधिपाने पोटाच्या तक्रारींशी संबंधित एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावरील ‘आयुर्वेदरसायन’ ही ती टीका. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. महादेव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र या यादव राजांच्या कारभाराची सूत्रे सांभाळणाऱ्या माणसाने वैद्यकाकडे का वळावे? कारण त्यानेच आरंभी देऊन ठेवले आहे. ‘चतुर्वर्गचिंतामणी’त आपण जी व्रते आणि दाने सांगितली ती पार पडायची, तर शरीर निरोगी हवे, त्या आरोग्यासाठी ही टीका, असा त्याचा आशय. व्रतखंड ज्यांनी चाळला असेल त्यांना यातली गंमत कळेल. वर्षभराची इतकी व्रते, इतके उपवास, इतकी पारणी. पोट बिघडणार नाही तर काय होईल!

हेमाद्री एकटाही नव्हता. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव ‘मुग्धबोध’ व्याकरणासाठी प्रसिद्ध आहे, पण तो वैद्याचा मुलगा. वडील केशव यांनी ‘सिद्धमंत्र’ लिहिला. कोणता पदार्थ वात वाढवतो, कोणता शमवतो, पित्त-कफाचे काय होते, यांची ती वर्गवारी. त्यावर टीका लिहिली ती बोपदेवाने. म्हणजे देवगिरीच्या दरबारात धर्मशास्त्र, व्याकरण आणि पचन या तिन्ही विषयांची चर्चा एकाच वर्तुळात चालू होती.

पोटातल्या आवाजाला या परंपरेत शब्द कोणते होते? चरकसंहितेच्या वातव्याधिप्रकरणात पक्वाशयात वात बिघडला की काय होते ते सांगताना ‘अंत्रकूज’ आणि ‘आटोप’ हे शब्द जवळजवळ येतात. आटोपाचा अर्थ टीकाकार ‘गुडगुड असा शब्द’ असा देतात. आज मराठवाड्यातली कोणतीही आजी जो शब्द वापरते, तोच. अंत्रकूज मात्र काव्यमय आहे. कूजन हा पक्ष्यांचा शब्द; आतड्यातला आवाज ऐकून कुणा प्राचीन वैद्याला पाखरू आठवले असावे.

हे लोक प्रत्येक आवाजाला घाबरत नव्हते, आणि सगळेच आवाज सोडूनही देत नव्हते. आतड्याचा मार्ग अडून पोट फुगणे, मळ आणि वायू पूर्ण कोंडणे या अवस्थेला त्यांनी ‘बद्धगुदोदर’ असे वेगळे नाव दिले. सुश्रुतसंहितेत त्यावर पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आहे. छिद्र पडलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्यांचा चावा द्यायचा आणि मुंग्यांची डोकी तशीच ठेवायची, असा टाक्यांचा प्रकारही तिथेच सांगितला आहे. आजचा डॉक्टरही नुसत्या गुडगुडीला महत्त्व देत नाही. पोट फुगून उलट्या, मळ-वायू बंद होणे, मळातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणे, दुखण्याने रात्री झोपमोड होणे, यांपैकी काही सोबत असेल तर मात्र तो थांबत नाही.

एक खबरदारी इथेच घ्यावी. ‘ग्रहणी म्हणजेच आजचा आयबीएस’ अशी विधाने समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. लक्षणे काही ठिकाणी जुळतात हे खरे. पण ग्रहणीची संकल्पना अग्नीवर उभी आहे आणि तिच्या पोटात आज वेगवेगळे मानले जाणारे अनेक आजार सामावतात. दोन्हींमध्ये बरोबरचे चिन्ह टाकणे हा इतिहास नव्हे.

उपाय मात्र थेट स्वयंपाकघरात पोहोचले. हिंग, सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे आणि शहाजिरे यांचे हिंग्वाष्टक चूर्ण, जेवणाच्या पहिल्या घासाला तुपातून. लातूरची बाजारपेठ आज तुरीसाठी ओळखली जाते, आणि तुरीच्या वरणात हिंग का पडतो याचे उत्तर इथे आहे. डाळींमधल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा पचवणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते. त्या मोठ्या आतड्यापर्यंत तशाच जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात, वायू होतो आणि आवाज वाढतो. तूर इथल्या काळ्या मातीतली. हिंग मात्र इराण-अफगाणिस्तानातून आलेला. मराठवाड्याच्या रोजच्या वरणात एवढा लांबचा व्यापार विरघळलेला असतो.

पुढे या प्रदेशात वैद्याच्या जोडीला हकीम आला. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि युनानी वैद्यकाला तिथे राजाश्रय होता. युनानीत पोटाच्या गुडगुडीला ‘कराकिर’ म्हणतात. हाही आवाजावरूनच बनलेला शब्द. त्यावरच्या औषधांत ‘जवारिश कमुनी’ येते. कमून म्हणजे जिरे. वैद्य आणि हकीम यांची शास्त्रे वेगळी, ग्रंथांच्या लिप्या वेगळ्या, पण दोघांचेही हात जिऱ्याच्या एकाच डब्यात.

आवाज नेमका येतो कसा, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९०५ साली जठर व आतड्यांचे आवाज ऐकून त्यांतली लय नोंदवली. १९१२ मध्ये त्याचा सहकारी वॉशबर्न याने नळीला जोडलेला फुगा गिळला. भुकेची कळ आली की तो बटण दाबी, आणि फुग्यावरचा दाब कागदावर उमटत राही. कळ आणि जठराचे आकुंचन यांचा मेळ बसला. पुढे १९६९ मध्ये शुर्शेव्स्की याने उपाशी कुत्र्यांच्या आतड्यात एक लाट वरून खाली ठरावीक काळाने सरकताना दाखवली. माणसात ती साधारण दीड-दोन तासांनी येते आणि उरलेसुरले अन्न पुढे ढकलते. एका अर्थी ही आतड्यांची झाडलोट. रिकाम्या पोटात आवाज दाबायला अन्न नसते, म्हणून तो मोठा ऐकू येतो.

म्हणजे गुडगुड भरल्या पोटाची असते आणि रित्या पोटाचीही. चरकाला हे ठाऊक होते. वात बिघडण्याच्या कारणांत रूक्ष, थंड, अल्प अन्न आणि लंघन यांची नावे अगदी आरंभी येतात. ग्रंथाने भूक नजरेआड केली असे म्हणता येत नाही. अडचण उपायात आहे. चूर्ण तुपातून घ्यायचे, आणि ज्याचे अन्नच रूक्ष व अल्प आहे त्याच्या घरी तूप कुठले? व्रताचा उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो. दुष्काळाचा कधी सुटेल हे कोणी सांगू शकत नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्याने हे पाहिले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव अशा कामांवर मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे होती. कामावर सुकडी वाटली जाई, आणि रेशनवर आयात केलेली लाल मिलो मिळे. पांढऱ्या शुभ्र शाळूच्या भाकरीवर वाढलेल्या तोंडांना ती गोड लागली नाही. बहात्तर पाहिलेल्या पिढीच्या बोलण्यात सुकडी आणि मिलो हे दोन शब्द अजूनही जोडीने येतात.

त्या खडीच्या ढिगाऱ्यांवर बसलेल्यांच्या पोटातल्या आवाजाला ‘अंत्रकूज’ कोणी म्हटले नसेल. मराठीत त्यासाठी वेगळा शब्दप्रयोग आहे, आणि त्यातही पक्षीच आहे. पोटात कावळे ओरडतात.