स्पर्धा, सहकार आणि हिशेबाची वही



यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात गेली प्राथमिक शाळेत. तेव्हा शास्त्रीय विवेचन आमच्याकडून व्हावयाचे नाही. परंतु मुलांचे पहिले-दुसरे नंबर लावण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे केले असल्यामुळे स्पर्धेविषयी बोलण्याचा अल्पसा अधिकार आम्हांस पोचतो. स्पर्धेमुळे आळशी मुलगा अभ्यासास बसतो, हे आम्ही पाहिले आहे. आणि हुशार मुलगा शेजाऱ्यास दिसू नये म्हणून वही हाताने झाकून लिहितो, हेही पाहिले आहे. समाजाचे कल्याण कोणत्या मार्गाने होते, हा प्रश्न इतिहासास विचारावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या दक्षिणेतीलच एक प्रसंग घेऊ. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढे हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोखे आणि वह्या यांवर होता. ते कागद हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, कापसाचे भाव चढले होते व उधारीही सढळ मिळत होती. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढला. रयतवारी पद्धतीत प्रत्येक खातेदार आपल्या साऱ्यास एकटाच जबाबदार. त्यामुळे सावकाराच्या ओट्यावरही तो एकटाच जाई. शेजाऱ्यास किती व्याज पडले हे त्यास ठाऊक नसे, आणि आपले कर्ज शेजाऱ्यास कळू नये अशी त्याचीही इच्छा असे. दहा गरजवंत एकाच दारी निरनिराळे उभे राहिले, म्हणजे भाव ठरविणारा एकटा तो दारधनीच असतो. दुर्बळांच्या आपसांतील स्पर्धेचे फळ तिसऱ्याच्याच पदरात पडते.

सुप्याचे शेतकरी एकत्र आले, ते कागद जाळण्यापुरते. राग ओसरल्यावर गरज तशीच उभी राहिली. 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु पेरणीसाठी पैसा कोठून आणावयाचा, याचे उत्तर निव्वळ कायद्याने मिळत नाही.

ते उत्तर सापडण्यास मार्ग दाखविला विलायतेतील रॉचडेल या गिरणगावाने. तेथील विणकरांनी व इतर कामकऱ्यांनी 1833 साली आपले सामाईक दुकान काढले होते. सभासदांना उधार देता देता ते दोनच वर्षांत बुडाले. सद्भाव पुष्कळ होता, शिस्त नव्हती. पुढे 1844 च्या डिसेंबरात अठ्ठावीस सभासदांनी प्रत्येकी एकेक पौंड जमवून पुन्हा दुकान उघडले. माल मोजका : पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. या वेळी मात्र नियम कडक होते. व्यवहार रोखीचा, माल निर्भेळ, माप पुरे, नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात, आणि भाग कितीही असोत, मत एकच. पहिले दुकान व दुसरे दुकान यांतील माणसे एकाच परिस्थितीतील होती. अंतर होते ते नियमांचे. आमच्या मते सहकाराच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा धडा हाच होय.

हिंदुस्थानात 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. एका गावच्या दहा जणांनीही पेढी काढावी, आणि ग्रामीण पेढीत सर्वांनी एकमेकांच्या कर्जास अमर्याद जबाबदार राहावे, असे त्याचे धोरण होते. पूर्वी जो शेजाऱ्यापासून कर्ज लपवी, त्यासच आता शेजाऱ्याचे कर्ज विहिरीस लागले की लग्नाच्या जेवणावळीत गेले, हे पाहणे भाग पडले.

याच वाटेने पुढे प्रवरेच्या काठी जे घडले, ते महाराष्ट्रास ठाऊक आहेच. कालव्याचे पाणी आले, ऊस झाला. तथापि गुऱ्हाळे एकाच वेळी पेटत, गूळही एकाच वेळी बाजारात येई, आणि ज्यास देणे भागवावयाचे असे तो पडेल त्या भावाने विकून मोकळा होई. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950-51 च्या हंगामात महाराष्ट्रातील या पहिल्या सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. एक भाकरी बांधून पायपीट करणारा आणि एक ग्रंथांत रमणारा. परंतु कोणी कोणाशी चढाओढ केली नाही. एकाने लोकांचा विश्वास आणला, दुसऱ्याने हिशेबाची शिस्त.

येथे कोणी म्हणेल, पुढे कित्येक सहकारी संस्था डबघाईस आल्या, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. परंतु त्या बहुधा का बुडाल्या, हेही पाहावे. संचालकांनी आपसांत खुर्चीची स्पर्धा मांडली, कर्जे आप्तेष्टांना गेली, थकबाकी मागण्याचा संकोच वाटू लागला. म्हणजे रॉचडेलच्या पहिल्या दुकानाचीच ती पुनरावृत्ती होय. सहकार म्हणजे सौजन्य नव्हे. सहकार म्हणजे वेळेवर परतफेड.

आता घरची गोष्ट. आम्ही आठवीत असताना वडिलांना पुस्तके घेण्याची ऐपत नव्हती. आपल्या संस्थेच्या पुस्तकपेढीतून आम्हांस गणिताचे पुस्तक मिळाले. पहिल्या पानावर आमच्या आधीच्या तीन मुलांची नावे होती. पेढीचे काम पाहणारे गृहस्थ पुस्तक देताना एवढेच म्हणाले, “बाळ, हे तुला दिलेले नाही, पुढच्या मुलाचे तुझ्याकडे ठेवले आहे.” वर्षअखेर आम्ही ते जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टन घालून परत केले. त्या पुस्तकाच्या जोरावर वर्गात आमचा नंबर वर आला. परंतु तो नंबर आमच्या एकट्याचा नव्हता, हे समजण्यास पुष्कळ वर्षे लागली.

आज संस्थेचा शिक्षणनिधी आहे. त्यातून बिनव्याजी रकमा घेऊन शिकलेली आपली मुले चांगल्या हुद्द्यांवर आहेत. मुली तर कांकणभर पुढेच आहेत. त्यांचे गुणगौरव आपण टाळ्यांच्या गजरात करतो, ते योग्यच. परंतु ज्यांना मोठे पगार मिळत आहेत, अशांपैकी काहींच्या नावांपुढील परतफेडीचे रकाने कोरे आहेत, हे सांगण्यास आम्हांस खेद होतो. सत्कार समारंभात पुढच्या रांगेत बसणाऱ्याच्या रिकाम्या रकान्यामुळे या वर्षी कोणा विधवेचा मुलगा अर्ज घेऊन परत गेला असेल, तर ती शर्यत नेमकी कोणी जिंकली?

स्पर्धा मुळीच नको, असे आमचे म्हणणे नाही. मुलाने कालच्या स्वतःशी स्पर्धा अवश्य करावी. आपला परस्परसाहाय्याचा परिघ ज्ञातीच्या उंबऱ्याशीच थांबावा, असेही आम्ही म्हणणार नाही. 1904 च्या कायद्यास एका गावचे दहा जणही पुरत होते, ते एकाच जातीचे असावेत अशी सक्ती नव्हती. प्रथम घरातील वही मात्र स्वच्छ असावी.

एवढे वाचून एखाद्या कुटुंबाने जुनी पावती शोधली आणि राहिलेली रक्कम निधीत भरली, तर आमच्या या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू. पुढच्या मुलाचे पुस्तक अद्याप आपल्याकडेच आहे. ते वेष्टन घालून परत करू या.