मुलाला बालकल्याण समितीपुढे नेले तर

मे २०२३ मध्ये बिहारहून पुणे आणि सांगलीच्या मदरशांकडे निघालेली ५९ मुले भुसावळ-मनमाडला रेल्वेतून उतरवून बालगृहात ठेवली गेली. सोबतच्या उस्तादांना अटक झाली. २०२४ मध्ये पोलिसांनीच गैरसमज झाला म्हणून प्रकरण बंद केले. तेव्हा मंठ्याहून मूल बाहेर शिकायला धाडताना आधार, पालकांचे संमतीपत्र आणि मदरशाचे पत्र सोबत द्याच.

ताब्यात घेतलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत तिथल्या समितीपुढे न्यावे लागते. अम्मी-अब्बांनी जन्मदाखला, रेशनकार्ड घेऊन स्वतः जावे. घरी चौकशीला सामाजिक कार्यकर्ता आला तर घाबरून दार लावू नका. त्याचा अहवाल समिती बघते. न वाचता सही मात्र करू नका, आदेशाची प्रत मागा. तो पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येते. आईला आणि मुलाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.